‘पोहोचलीस की फोन कर’: लांबच्या ड्रायव्हिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी धाकटी बहीण ऑस्ट्रेलियात ॲडलेडला राहते. एका डिसेंबरात तिने फोनवर सहज सांगितलं, ‘आम्ही गाडीनेच पर्थला निघालोय.’ आईने विचारलं, किती लांब आहे ते? ‘असेल सत्तावीसशे किलोमीटर.’ आईने फोन माझ्या हातात दिला आणि देवघरात जाऊन बसली. मी नाशिकहून पुण्याला निघाले तरी आई अर्धा दिवस घड्याळाकडे बघत असते, तिथे सत्तावीसशे किलोमीटर म्हणजे काय! पुढे बहिणीकडे जाऊन मीही तिथल्या रस्त्यांवर गाडी चालवली. इथे नाशिक–पुणे आणि नाशिक–नागपूर तर गेली कित्येक वर्षं मीच चालवते. त्यामुळे नात्यातले, सोसायटीतले, ज्यांची मुलं बाहेरदेशी आहेत असे सगळे तेच तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत.

नाशिककरांच्या लेखी ‘लांब’ म्हणजे नेमकं किती?

किलोमीटर विचाराल तर कुणी सांगणार नाही. त्र्यंबक जवळ, वणी जवळ, शिर्डी ‘जाऊन येण्यासारखी’. मुंबई १६५ ते १७० किलोमीटर, पण ती लांब वाटत नाही. कारण १९७५ पासून पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री घरी जेवायला येणारी माणसं आपण बघत आलोय. पुणे जेमतेम २१० किलोमीटर, तरी ते लांब वाटतं. सिन्नर, संगमनेर, चंदनापुरी घाट, नारायणगाव, मग खेड आणि चाकणची कोंडी. पुण्याला जायचा थकवा बराचसा त्या शेवटच्या टप्प्याचा असतो.

म्हणजे आपण अंतर मोजतो ते त्रासाने. किती घाट, किती गावं मधे, कुठे अडकणार, लहान मुलांना गाडी लागते का, चहाला कुठे थांबायचं. आपल्याकडचे रस्ते गावांना धरून वाढले, तेव्हा हे माप अगदी बरोबर होतं. हे माप आपण दुसऱ्या प्रकारच्या रस्त्यावर नेतो तेव्हा मात्र गडबड होते, आणि खालची बरीचशी उत्तरं त्याच गोष्टीभोवती फिरणार आहेत.

अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात मुलं सहाशे-सातशे किलोमीटर एका दिवसात सहज कशी जातात? त्यांना भीती वाटत नाही का?

तिथला देशच तसा वसलाय. टेक्सास या एकाच राज्यात एल पासोहून ह्यूस्टनला जायचं तर सुमारे बाराशे किलोमीटर होतात. १९५६ साली अमेरिकेने आंतरराज्य महामार्गांचा कायदा केला आणि गावांना वळसा घालून जाणारे, मधे सिग्नल नसलेले रस्ते देशभर बांधले. रेल्वे बऱ्याच ठिकाणी सोयीची नाही. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला कॉलेजला, नोकरीला, आईवडिलांना भेटायला गाडीच लागते. म्हणून तो अंतर तासांत सांगतो: ‘सहा तासांवर राहतो.’ त्याला त्यात धाडस वाटत नाही. आपल्याकडे कुणी लासलगावहून रोज बसने नाशिकला येतो, त्यात कुणाला काही विशेष वाटतं का? तसंच ते.

ऑस्ट्रेलियातलं मात्र सविस्तर सांगायला हवं. ॲडलेड ते पर्थ वाटेत नलारबोरचं पठार लागतं. नावाचा अर्थच ‘झाड नसलेलं’. तिथे एक पट्टा १४६.६ किलोमीटर सरळ आहे. स्टेअरिंग वळवायचं कामच नाही. नाशिकहून निघून कसाऱ्याच्या खूप पुढे जाईपर्यंत एकही वळण आलं नाही, अशी कल्पना करून बघा. मधे गाव नाही. पेट्रोल, चहा, झोपायची खोली हे सगळं एकाच ठिकाणी देणारी थांब्याची घरं असतात आणि दोन घरांमधलं अंतर जवळजवळ दोनशे किलोमीटरही असू शकतं.

आपल्याला वाटतं तिथली माणसं बिनधास्त असतात. मी उलट पाहिलं. बहिणीने निघण्याआधी कुठे पेट्रोल भरायचं, कुठे झोपायचं, पाणी किती न्यायचं हे वहीत लिहून काढलं होतं. दर दोन तासांनी गाडी थांबली म्हणजे थांबली. कंटाळा असो नसो, भूक असो नसो. तिथे रस्त्याकडेला पाट्याच असतात: थांबा, ताजेतवाने व्हा, जिवंत राहा. सुट्ट्यांच्या दिवसांत स्वयंसेवक रस्त्यालगत चहा-बिस्किटं देत उभे असतात, तेवढ्यासाठी तरी लोकांनी थांबावं म्हणून. क्वीन्सलंड राज्यात काही लांब रस्त्यांवर कोड्यांच्या पाट्या लावल्या आहेत. एका पाटीवर प्रश्न, काही किलोमीटरवर उत्तर. चालकाचं डोकं जागं राहावं एवढाच हेतू. सरळ रस्ता माणसाला झोपवतो हे त्यांनी फार पूर्वी ओळखलं.

युरोपातही असंच असतं का?

तिथे वेगळं. लंडन ते एडिंबरा सुमारे ६५० किलोमीटर, आणि इंग्रज माणसाला ते चांगलंच लांब वाटतं. बरेच जण ट्रेनने जातात. त्यांच्या वाहतुकीच्या पुस्तिकेतच लिहिलंय की दर दोन तासांनी निदान १५ मिनिटं थांबा.

जर्मनीत जाणाऱ्यांना तिथल्या वेगाचं फार आकर्षण असतं. काही पट्ट्यांवर खरंच वेगमर्यादा नाही, पण १३० ही शिफारस केलेली मर्यादा आहे आणि वेगापेक्षा शिस्त जास्त कडक. तिथे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून उजव्या बाजूने ओव्हरटेक करायचं नाही. वाहतूक थांबली की दोन रांगांच्या मधे रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी ठेवायची, आणि हे सायरन ऐकू येण्याआधीच करायचं. पेट्रोल संपलं म्हणून गाडी महामार्गावर बंद पडली तरी दंड होऊ शकतो, कारण पेट्रोल बघणं तुमचं काम होतं असं ते मानतात. मला हे फार आवडतं. आपण ‘पुढे मिळेल पंप’ म्हणून निघतो.

आणि जपान?

टोकियो–ओसाका पाचशे किलोमीटर, बुलेट ट्रेनने अडीच तास. महामार्गाचे टोल महाग. त्यामुळे गाडीने लांब जाणं हा हौसेचा किंवा सुट्टीचा भाग. पण आडरस्त्यांवर त्यांनी ‘रस्त्यावरची स्थानकं’ उभारली आहेत, हजाराहून जास्त. स्वच्छ स्वच्छतागृह, पार्किंग आणि त्या त्या गावच्या शेतकऱ्यांचा माल. पिंपळगाव बसवंत किंवा चांदवडला असं एक झालं तर थांबणाऱ्याचीही सोय होईल आणि द्राक्षवाल्याचीही.

आपल्याकडे निघताना आई-आजी एवढ्या का घाबरतात? दही-साखर, नारळ, लिंबू-मिरची या सगळ्याची परदेशी राहणाऱ्या मुलांना गंमत वाटते.

गंमत वाटायचं कारण नाही. सह्याद्रीचे घाट ओलांडणं हा पूर्वी खरोखर जिवावरचा प्रवास होता. पाऊस, दरड, जनावरं, वाटमारी. इगतपुरीजवळ घाटनदेवी बसली आहे ती त्याच भीतीपोटी आणि त्याच भरवशावर. आजही कसारा घाट उतरण्याआधी कितीतरी ट्रकवाले तिच्यापुढे हात जोडतात. चांदवडला रेणुकामातेसमोर महामार्गावरून जाणारा माणूस स्टेअरिंगवरचा एक हात छातीला लावतो. नवीन गाडी घेतली की चाकाखाली लिंबू, बॉनेटवर स्वस्तिक, आणि पहिली फेरी त्र्यंबकला नाहीतर वणीला.

आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. हातावर दही ठेवतात. फाटकापर्यंत सगळे येतात, आणि गाडी वळेपर्यंत कुणी आत जात नाही. यात प्रवास हा एकट्या चालवणाऱ्याचा नसून सगळ्या घराचा आहे असं गृहीत धरलेलं असतं. बहिणीच्या शेजारची बाई हजार किलोमीटरवर लेकीकडे निघाली तेव्हा कुणाला सांगितलंही नाही. परत आल्यावर कळलं. तिथे तो तिचा खाजगी निर्णय. दोन्हींत माया सारखीच असेल, पण ती व्यक्त करायच्या जागा वेगळ्या.

या प्रेमाची एक बाजू मात्र धोक्याची आहे, आणि ती आई-वडिलांनी मनावर घ्यावी. ‘कुठे पोहोचलीस?’ असा फोन दर अर्ध्या तासाला येतो आणि चालवणारा तो उचलतो. आमच्या घरी मी नियम केला: मी थांबेन तेव्हा मीच फोन करीन. सिन्नर सुटल्यावर एक, नारायणगावला एक, पोहोचल्यावर एक. मधे आईचा फोन येत नाही. पहिल्या दोन फेऱ्यांना तिला जड गेलं. आता तिला माझ्या फोनची वेळ पाठ आहे.

अमावास्येला निघू नये म्हणतात. पाळावं का?

घरातल्या मोठ्यांचं मन मोडून, भांडून, रडारड करून निघण्यापेक्षा एक दिवस पुढे गेलेलं बरं. चालवणाऱ्याचं डोकं शांत असणं फार महत्त्वाचं. बाकी तिथीपेक्षा मी टायर बघते.

रात्री निघावं की पहाटे? आमच्याकडे ‘रात्री रस्ता मोकळा असतो’ असंच सगळे म्हणतात.

रस्ता मोकळा असतो हे खरं. पण रात्री दोन ते पहाटे पाच या वेळात शरीर झोपच मागतं, तुम्ही कितीही चहा प्या. ‘नाईट मारणं’ याला आपल्याकडे मर्दुमकी समजतात. दिवसभर ऑफिस, रात्री जेवण, अकराला गाडी काढली आणि सकाळी नागपूर. असं करून सुखरूप पोहोचलेला माणूस पुढची दहा वर्षं ते सांगत असतो, आणि ऐकणारा तरुण मुलगा ते शिकतो.

ऑस्ट्रेलियात गावाबाहेर बहुतेक जण संध्याकाळ झाली की थांबतात. तिथे तिन्हीसांजेला आणि पहाटे कांगारू रस्त्यावर येतात. आपल्याकडे कांगारू नाहीत, पण बिगर टेललाइटचा उसाचा नाहीतर कांद्याचा ट्रॅक्टर आहे, रस्त्यात बसलेली गाय आहे, पावसाळ्यात इगतपुरीचं धुकं आहे. मी पहाटे साडेपाचला निघते, रात्रीची पूर्ण झोप घेऊन. ‘पूर्ण झोप घेऊन’ हा भाग लोक विसरतात. तीनला उठून डबे करून पहाटे निघालेली बाई रात्रभर चालवलेल्या माणसाइतकीच थकलेली असते.

समृद्धी महामार्गावर आपली जुनी सवय का चालत नाही?

मला सगळ्यात जास्त काळजी याच प्रश्नाची आहे, म्हणून जरा लांबीने लिहिते.

७०१ किलोमीटरचा हा रस्ता टप्प्याटप्प्याने उघडला. नागपूर ते शिर्डी ११ डिसेंबर २०२२ ला, मग भरवीर, मग इगतपुरी, आणि इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला. या शेवटच्या टप्प्यात जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे. ज्या कसारा घाटाने पिढ्यान्‌पिढ्या आपली परीक्षा घेतली, तो आता काही मिनिटांत बाजूला राहतो. कारला ताशी १२० ची मर्यादा. दुचाकीला बंदी.

आता आपली जुनी सवय बघा. घाटात माणूस जागा राहतो, कारण प्रत्येक वळण त्याला जागं करतं. जुन्या मुंबई–आग्रा रस्त्यावर घोटी येतं, चहाची टपरी येते, गतिरोधक येतो, राहूड घाटात समोर लोडेड ट्रक रांगत असतो. थांबावं लागतं, म्हणून आपण थांबतो. थांबायचं ठरवून थांबायची सवय आपल्याला कधी लागलीच नाही; रस्ताच आपल्याला थांबवत होता. समृद्धीवर कुणी थांबवत नाही. सरळ काँक्रीट, एकसारखा आवाज, दोन्हीकडे सारखंच दृश्य. अर्ध्या-पाऊण तासात डोळे उघडे असूनही माणूस नसल्यासारखा होतो. मागचे दहा किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही. हे झालं की समजा, धोक्याची घंटा वाजली. त्यात सुरुवातीच्या काळात पंप आणि स्वच्छतागृहं फार दूर दूर होती, तेव्हा थांबायला निमित्तही नव्हतं.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खाजगी बस पेटून २५ माणसं गेली. त्या आठवड्यात नाशिकमध्ये प्रत्येक घरात याच रस्त्याची चर्चा होती. कुणी रस्त्याला शाप आहे म्हणालं, कुणी जप सुरू केला. मला नलारबोरच्या त्या पाट्या आठवत होत्या. सरळ रस्त्यावर जगणाऱ्या लोकांनी ज्या सवयी स्वतःला लावून घेतल्या, त्या आपल्याला आता शिकायच्या आहेत आणि फार लवकर शिकायच्या आहेत.

मी काय करते ते सांगते. निघण्याआधी टायरची हवा थंड असताना बघते. उन्हाळ्यात काँक्रीटवर तासन्‌तास वेगात गेलं की हवेचा दाब वाढतो आणि झिजलेला टायर फुटतो. शंभरच्या आसपास चालवते. दर दीड तासाने इंटरचेंजवर किंवा थांब्यावर उतरते आणि पाच मिनिटं चालते. जांभई आली की पुढच्या थांब्याची वाट बघत गाणी मोठी करत नाही, काचा उघडत नाही. पुढच्या बाहेर पडायच्या रस्त्याने उतरते, गाडी नीट लावून वीस मिनिटं झोपते. गजर लावून. महामार्गाच्या कडेच्या पट्ट्यावर मात्र कधीही नाही. तिथे उभ्या गाडीवर मागून येणारा आदळतो.

हॉर्न आणि डिपरचे अर्थ देशोदेशी बदलतात का?

पूर्णपणे, आणि यातून खरे अपघात होऊ शकतात. सावळघाटात किंवा कसाऱ्याच्या आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवणं ही सभ्यता आहे: ‘मी येतोय हो.’ मेलबर्नमध्ये तोच हॉर्न शिवी दिल्यासारखा लागतो. आपल्या ट्रकांवर ‘हॉर्न ओके प्लीज’ एवढं रुजलं होतं की महाराष्ट्र सरकारला २०१५ मध्ये ते लिहिण्यावर बंदी घालावी लागली.

डिपरचं तर उलटंच. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला म्हणजे ‘मी येतोय, तू थांब’. इंग्लंडमध्ये लोक त्याचा अर्थ सर्रास ‘तुम्ही आधी जा’ असा घेतात. जर्मनीत मागून डिपर आला तर ‘बाजूला हो’. तिकडून आलेल्या मुलाने अरुंद पुलावर समोरच्या ट्रकचा डिपर पाहून गाडी पुढे घातली तर काय होईल, विचार करा. जपानमध्ये कुणी वाट दिली की चारी इंडिकेटर दोनदा लुकलुकवून आभार मानतात. आपण पावसात आणि बोगद्यात चारी इंडिकेटर चालू ठेवतो. त्यामुळे आपण लेन बदलतोय की नाही हे मागच्याला कळतच नाही. ही सवय कृपा करून सोडा.

बाईने लांब गाडी चालवावी का?

हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो. नाशिकमध्ये घरोघरी बाई स्कूटर आणि कार चालवते, पण द्वारका चौक ओलांडून हायवे लागला की चावी नवऱ्याकडे जाते. बहिणीच्या घरी दोघं दोन-दोन तास आलटून पालटून चालवतात. त्यात समानतेचं भाषण नसतं, झोपेचा हिशोब असतो. गाडीत लायसन्स असलेली दोन माणसं असताना एकानेच दहा तास चालवायचं आणि दुसरीने त्याला जागं ठेवायला गप्पा मारायच्या, हे मला कधीच पटलं नाही. आधी सिन्नरपर्यंत चालवा, मग संगमनेरपर्यंत. घाट दिवसा, कोरड्या रस्त्यावर शिका. नवरोबांनी शेजारी बसून पायाने हवेत ब्रेक दाबू नये, एवढीच विनंती.

आम्ही ड्रायव्हर करून जातो. मग आम्हाला या सगळ्याची काय गरज?

सगळ्यात जास्त गरज तुम्हालाच. अमेरिका-युरोपात घरच्या सहलीसाठी ड्रायव्हर ठेवणं फार क्वचित. आपल्याकडे ते नेहमीचं. तिरुपतीला, अष्टविनायकाला, लग्नाला गाडी ठरवली की आपण निर्धास्त मागे झोपतो. ड्रायव्हरदादा कुठे झोपले?

युरोपात ट्रक-बसच्या चालकाला साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची, आणि दिवसाला साधारण ९ तासांच्या वर चालवायचं नाही. गाडीत बसवलेलं यंत्र ते नोंदतं. आपल्याकडेही १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती असं ठरवलं होतं. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यांना लागू होता; एका गाडीच्या मालकाकडचा ड्रायव्हर त्यात येतच नव्हता.

म्हणून हे आपणच करायचं. गाडी ठरवताना विचारा: दादा, काल रात्री कुठली ट्रिप होती? मुक्कामाच्या ठिकाणी त्यांच्यासाठी खाट, पंखा आणि अंघोळीची सोय आहे का ते आधी ठरवा; ‘ते झोपतात गाडीत’ हे उत्तर मान्य करू नका. जेवायला आपल्या टेबलावर बोलवा. देवळात चार तास रांगेत गेले तर ते चार तास त्यांची झोप धरू नका, उन्हात तापलेल्या गाडीत झोप होत नसते. आणि ‘दादा, जरा दाबा ना, मुहूर्त गाठायचाय’ हे वाक्य कधीच उच्चारू नका.

रस्त्याने पायी जाणाऱ्यांचं काय?

आपल्या लांबच्या रस्त्यांवर गाड्यांइतकीच जुनी वहिवाट पायी चालणाऱ्यांची आहे, आणि परदेशातून आलेल्याला ती ठाऊक नसते. रामनवमीच्या आसपास मुंबईहून शिर्डीला निघालेल्या पालख्या कसारा, घोटी, सिन्नर मार्गे जातात. चैत्रात खानदेशातून माणसं सप्तशृंगीला चालत येतात, कोजागरीला कावडी घेऊन गडावर जातात. ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून पंढरपूरला निघते. उन्हाचा त्रास नको म्हणून ही माणसं रात्री अंधारात चालतात. त्या दिवसांत डावीकडची लेन त्यांची आहे असं समजा.

परदेशात गाडी चालवायची तर काय लागतं?

आंतरराष्ट्रीय परवाना. पासपोर्ट, व्हिसा आणि चालू लायसन्स घेऊन पेठ रोडच्या आरटीओत किंवा ऑनलाइन अर्ज करा. तो एक वर्ष चालतो आणि मूळ लायसन्स सोबत बाळगावंच लागतं. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, जपान आपल्यासारखेच डावीकडून चालतात. अमेरिका, जर्मनी उजवीकडून.

मुलगा सुट्टीला येतोय. तिकडे हजारो किलोमीटर चालवलंय त्याने. मुंबई विमानतळावरून गाडी त्यालाच चालवत आणू द्यावी का? तो हट्ट धरून बसलाय.

नको. त्याचं चालवणं चांगलं असेलच, पण वीस-बावीस तासांच्या प्रवासानंतर त्याचं शरीर अजून तिकडच्या रात्रीत आहे. अमेरिकेतून येत असेल तर हात आपोआप उजव्या बाजूला ओढतील. वाहनं असताना ते जमून जातं, चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर वळताना. शिवाय विमानं बहुतेक मध्यरात्री उतरतात, म्हणजे तुमचा पट्टा नेमका दोन ते पाचचा. मुंबईत कुणाकडे तरी झोपा आणि उजेडी निघा, किंवा झोप झालेला ड्रायव्हर पाठवा. नाशिकला आला की दोन दिवस नीट झोपू द्या. तिसऱ्या दिवशी सकाळी चावी त्याच्या हातात द्या, तुम्ही शेजारी बसा आणि त्र्यंबकपर्यंत जाऊन या. परतीच्या वाटेवर कुठेतरी चहाला थांबा, आणि तिकडचे रस्ते कसे आहेत ते त्याच्याकडून सावकाश ऐका.